झऱ्याचा बोळ आणि वकीलबाईंचे कोंपाद्रे

सांता रुफिनाची नगरपालिका आणि कोर्ट यांच्यामध्ये एक चौक आहे, बस्स. पण नगरपालिकेची वकीलबाई नीमिया ओवेलार हिला तो चौक ओलांडायला कधी कधी अर्धी सकाळ लागते. पाय दुखतात असं नाही. पन्नाशी उलटली तरी बाई घोडीसारखी चालते. अडचण आहे ती धर्मलेकरांची. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या बाळाला हातावर धरलं त्याची ती धर्मआई झाली, आणि धर्मआई रस्त्यात दिसली की लेकरानं हात जोडून पुढं यायचं, "आशीर्वाद, धर्मआई," म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. साधारण बाई दोन-तीन मुलांची धर्मआई असते. नीमियानं तिसाच्या पुढं मोजणं सोडून दिलं. चौकातल्या प्रत्येक बाकामागून एकेक निघतं. बगलेत फाईल, एका हातात छत्री, दुसरा हात डोक्यावर.

"देव तुला सांभाळो. नखं काप. आणि बापाला सांग, ती भिंत या आठवड्यात पाडली नाही तर मी येतेय."

शेवटचं वाक्य आशीर्वादाच्याच सुरात येतं, त्यामुळं पोरांना ते प्रार्थनेचाच भाग वाटतं.

एवढी लेकरं तिच्या पदरात आली कशी, याची गोष्ट सांगायची तर आधी गायींपासून सुरुवात करावी लागेल.

नीमियाची आई टेलिफोन कचेरीत तारा जोडायची. गावातलं कोण कुणाशी काय बोलतं, कोणत्या प्रेयसीनं कुणाला टाकलं, कुणाच्या पोराला राजधानीत पोलिसांनी धरलं, सगळं तिच्या कानावरून जायचं, आणि त्यातलं एक अक्षर तिनं कधी बाहेर काढलं नाही. आमच्या गावात असा जन्म पुन्हा झालेला नाही. उलट बाकीच्यांनी ती कसर भरून काढली. पोरगी आईवर गेली. राजधानीला, आसुन्सिओनला जाऊन वकिली शिकली, आणि सगळे म्हणत होते की आता ही तिकडंच एखाद्या चष्मेवाल्याशी लग्न करून राहणार, तर ही पेटी घेऊन बसमधून उतरली. चष्मेवाला मात्र बरोबर होता. आनिबाल त्याचं नाव. शाळेत भूगोल शिकवतो आणि घरात स्वयंपाक करतो. दोन्ही कामं बरी करतो.

तेव्हाच्या नगराध्यक्षांना नगरपालिकेसाठी वकील हवा होता, आणि नवीकोरी पोरगी म्हणजे सांगू तिथं सही करेल असा त्यांचा हिशेब होता. तिला पहिलं काम दिलं ते मोकाट गायींचं. आमच्या चौकात तेव्हा माणसांपेक्षा गायी जास्त. संत रुफिनाच्या पुतळ्याच्या पायाशी फुलं सकाळी वाहायची आणि दुपारी गायींनी खायची, असा क्रम होता. नीमियानं एक जुना गोठा कोंडवाड्यासाठी मिळवला, दोन शिपाई घेतले, आणि पहिल्याच दिवशी एक धष्टपुष्ट पांढरी गाय दोरीनं ओढत आणली.

नगराध्यक्ष धावत आले. "अगं पोरी, ही माझी गाय आहे!"

"म्हणून तर पहिली हिला आणली, साहेब. आता बाकीचे स्वतःहून बांधतील."

आणि बांधल्या लोकांनी. नगराध्यक्षांनी पुढं कुरकुर केली, पण ते गेले, दुसरे आले, पक्ष बदलले, भिंतींचे रंग बदलले, आणि वकिलाच्या खोलीत नीमियाच राहिली. प्रत्येक नवा नगराध्यक्ष तिला काढायचं ठरवून येतो आणि महिन्याभरात तिच्याकडं सल्ल्याला बसतो.

आता लेकरं. ती सुरू झाली दिग्नो फ्रेतेसपासून. दिग्नो पाववाला. त्यानं आपली भट्टी हळूहळू फुटपाथवर सरकवली होती, इतकी की लोकांना त्याच्या पोळपाटाला वळसा घालून रस्त्यावरून चालावं लागे. नोटीस येणार अशी कुणकुण लागली तशी या पठ्ठ्यानं एक शक्कल लढवली. आमच्याकडं मुलाचे आईबाप आणि धर्मआईबाप हे एकमेकांचे कोंपाद्रे, आणि बाई असली तर कोमाद्रे, होतात, आणि ते नातं रक्तापेक्षा जड. कोंपाद्रेशी भांडायचं नाही, त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, लहानपणापासून अरे-तुरे करत असलात तरी बाप्तिस्म्याच्या दिवसापासून अहो-जाहो. कोर्टात खेचणं तर दूरच. आणि धर्मआई व्हायचं निमंत्रण नाकारणं म्हणजे बाळाला देवाच्या दारात टाकून जाणं. ते कुणी करत नाही. तेव्हा दिग्नो आपलं तान्हं घेऊन नीमियाच्या ओसरीवर हजर.

"वकीलबाई, याची धर्मआई व्हा."

नीमियानं बाळाकडं बघितलं, दिग्नोकडं बघितलं, आणि "आनंदानं," म्हणाली. रविवारी बाप्तिस्मा झाला, दिग्नोनं डुक्कर कापलं, नीमिया दोनदा वाढून घेऊन जेवली. सोमवारी सकाळी नोटीस आली.

दिग्नो पीठभरल्या हातानं नगरपालिकेत. "कोमाद्रे, हे काय? कालच तर आपलं नातं झालं!"

"नातं झालं म्हणून तर सोमवारपर्यंत थांबले, कोंपाद्रे. नाहीतर शुक्रवारीच येणार होती. बाळ कसंय?"

भट्टी मागं गेली. एवढ्यावर गावानं शहाणं व्हायला हवं होतं. पण आमचं गाव म्हणजे, दिग्नोला जमलं नाही ते दिग्नोच्या मूर्खपणामुळं, आपल्याला जमेल, असा प्रत्येकाचा विश्वास. मग कुणाची विनापरवाना भिंत असो, कुणाचा गटारावरचा गोठा असो, तान्हं मूल हाताशी असलं की ते नीमियाकडं. काहींनी तर, दोन्या ब्लासिदाच्या म्हणण्याप्रमाणं, आधी गोठा बांधला आणि मग त्यासाठी मूल केलं. दोन्या म्हणजे बाईसाहेब; ही ब्लासिदा नीमियाच्या समोर राहते आणि तिच्या तोंडाला कडी नाही.

नीमिया प्रत्येकाला हो म्हणाली. प्रत्येकावर नोटीस काढली. आणि प्रत्येक लेकराच्या शाळेपासून गालगुंडापर्यंत सगळ्याची चौकशी ठेवली, तीही मनापासून. शनिवारी सकाळी तिच्या आंब्याखाली खुर्च्या मांडलेल्या असतात. शिंगाच्या पेल्यातला गार तेरेरे, म्हणजे आमचा बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा, हातोहात फिरतो, आणि शुक्रवारी कोर्टात जो हरला तोच शनिवारी येऊन बसतो. त्याला परवानगीचा अर्ज कसा करायचा ते नीमिया शिकवते, फुकट. गावातलं स्वयंसेवकांचं अग्निशमन दलसुद्धा याच आंब्याखाली जन्मलं. त्याची घटना तिनं लिहिली, आणि बंबाच्या चाचणीत पाण्याच्या नळीनं पहिली तीच उडाली, दोन्या ब्लासिदाच्या कोंबड्यांत.

हे सगळं ठीक होतं, कारण ते कोंपाद्रे सोयीचे होते. खरा कोंपाद्रे तिला एकच. क्रेसेन्सियो बोगादो.

क्रेसेन्सियो बर्फवाला. बाहेरच्या माणसाला हे काही मोठं पद वाटणार नाही. पण जिथं वर्षातले बहुतेक महिने माणूस घामानं निथळतो आणि गार तेरेरेशिवाय शेजाऱ्याला "कसं काय" सुद्धा विचारत नाही, तिथं बर्फाचा कारखाना ज्याच्या हातात त्याच्यापुढं नगराध्यक्ष म्हणजे कोण! क्रेसेन्सियो आणि नीमिया एका बाकावर शिकले. तिनं त्याला गणितं दाखवली, त्यानं तिच्यासाठी मारामाऱ्या केल्या. त्याला उशिरा एक मुलगी झाली, आरासेली, आणि तिच्यासाठी धर्मआई त्यानं दुसरी कुठली शोधलीच नाही. त्यात भिंत नव्हती, गोठा नव्हता. नीमियाला स्वतःचं मूल नाही. आरासेली तिच्या घरात लहानाची मोठी झाली म्हटलं तरी चालेल. आनिबालनं तिला सगळ्या देशांच्या राजधान्या पाठ करवल्या, आणि तिनं त्याला नाच शिकवायचा प्रयत्न सोडून दिला.

तर या क्रेसेन्सियोनं आरासेलीच्या पंधराव्या वर्षाच्या सोहळ्याआधी तीन-चार महिने झऱ्याचा बोळ बंद केला.

बोळ म्हणजे त्याच्या घराच्या आणि कारखान्याच्या कुंपणाला लागून खाली उतरणारी अरुंद वाट. खालच्या आळीतल्या लोकांना चौकात, शाळेत, दवाखान्यात यायचं तर ती एकच. वाटेत झरा, नळ आटला की तिथंच बादल्या भरायच्या. क्रेसेन्सियोला नवं शीतगृह बांधायचं होतं. त्यानं वरच्या तोंडाला लोखंडी फाटक लावलं, कुलूप घातलं, आणि म्हणाला, ही जागा माझ्या आजोबांपासून माझी. खालची आळी मग हमरस्त्यावरून वळसा घालून येऊ लागली. तिथं ऊस भरलेले ट्रक आंधळ्यासारखे धावतात. एका सकाळी शाळेत निघालेल्या पोरीचं दप्तर ट्रकच्या चाकाखाली गेलं. पोरगी वाचली. दप्तराचं जे उरलं ते तिच्या आईनं नीमियाच्या टेबलावर आणून ठेवलं, आणि समोर बसून राहिली.

नीमिया त्याच दिवशी कारखान्यात गेली. क्रेसेन्सियोनं स्वतः तिच्यासाठी खुर्ची पुसली.

"कोंपाद्रे, फाटक काढा."

"कोमाद्रे, बसा. ऊन किती आहे! बर्फ देऊ?"

"बर्फ नको. फाटक."

"अहो, माझी जागा आहे. कुठं लिहिलंय बोळ सरकारी आहे म्हणून? दाखवा कागद."

कागद नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोळ कधी कुणी मोजलाच नव्हता. लोक चालत होते म्हणून तो रस्ता होता.

"मग मला कोर्टात यावं लागेल," नीमिया म्हणाली.

क्रेसेन्सियो हसला, पण डोळ्यांनी नाही. "तुम्ही? माझ्यावर? दिग्नो फ्रेतेस समजलात का मला?"

तिनं समोर ठेवलेल्या तेरेरेच्या पेल्याला हात लावला नाही. ती उठून गेली तेव्हा तो बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदा जुन्या सवयीनं ओरडला, "नीमिया! तू असं करशील?" मग जीभ चावली, आणि तिनंही ऐकलं नाही असं दाखवलं.

गावात दोन तट पडले. म्हणजे पडायला हवे होते. पण वरच्या आळीला बर्फ लागतो. बोळातून लहानपणापासून उड्या मारत गेलेली मंडळी आता आठवत नाही म्हणू लागली. "होता खरं एक बोळ. की तो स्वप्नात होता?" वरच्या आळीची अख्खी स्मरणशक्ती गोठली. नगराध्यक्षांनी नीमियाला बोलावून सांगितलं, "वकीलबाई, तुमचं नातं आहे. हा खटला राजधानीच्या कुणा वकिलाला देऊ. तो समजुतीनं मिटवेल."

"तो मिटवेल म्हणजे क्रेसेन्सियोला बोळ देऊन मिटवेल. मी लढवते."

"आणि आरासेलीचं पंधरावं?"

नीमिया फाईल उचलून निघाली. पंधराव्याला धर्मआईनं मुलीच्या केसात मुकुट घालायचा असतो. तो मुकुट तिनं आधीच आणून ठेवला होता, कपाटात, टॉवेलात गुंडाळून. घरी आनिबालनं विचारलं, आणि ती म्हणाली, "बोळ हरले तर ती दप्तराची पोर हमरस्त्यानंच चालणार. जिंकले तर हा मुकुट कपाटातच राहणार. जेवायला वाढ." आनिबालनं वाढलं.

सुनावणीच्या सकाळी ती चौक ओलांडत होती. धर्मलेकरं नेहमीप्रमाणं आली, आशीर्वाद घेऊन गेली. कोर्टाच्या पायरीशी आरासेली उभी होती, बापाबरोबर. तिनं हात जोडले नाहीत. बापानं तिचा दंड धरला होता. नीमियानं फाईल सावरली आणि पायऱ्या चढली.

न्यायाधीश काराई, म्हणजे आमचे साहेब, विल्फ्रिदो कान्तेरो हा साठीचा, जाडजूड, दुपारच्या झोपेवर श्रद्धा असलेला माणूस. क्रेसेन्सियोचा वकील ओस्मार रिकेल्मे, गावचाच, तरुण, गळ्यातला टाय स्वतःवरच रागावल्यासारखा. तो उठला आणि त्यानं आपला हुकमाचा पत्ता टाकला.

"महाराज, नगरपालिकेच्या वकीलबाई प्रतिवादीच्या कोमाद्रे आहेत. नात्यातल्या माणसाला हा खटला चालवता येणार नाही. त्यांना बाजूला करावं."

लोकांत कुजबुज झाली. नीमिया शांतपणे उठली.

"माझी हरकत नाही, महाराज. मला बाजूला करा. फक्त या नियमानं ज्याचं प्रतिवादीशी किंवा माझ्याशी कोंपाद्र्याचं नातं आहे तो प्रत्येक जण बाजूला व्हावा. सगळ्यांना सारखा न्याय."

"बरोबर आहे," ओस्मार म्हणाला. लगेच त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं की आपण काय बोललो ते त्याला आता कळतंय.

"मग रिकेल्मे वकीलसाहेब, तुमच्या जुळ्यांतल्या धाकट्याची धर्मआई कोण?"

"तो... तो वेगळा विषय आहे."

"धाकट्याला तसं सांगू का?"

हशा झाला. काराई विल्फ्रिदोनं टेबलावर हात आपटला, पण अर्धवट, कारण आरासेलीच्या दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्यावर शिक्कामोर्तब करणाऱ्या संस्काराला, तिच्या मागं धर्मबाप म्हणून स्वतः काराई विल्फ्रिदोच उभे होते, आणि ते त्यांना आता आठवलं होतं. कारकूनबाई क्रेसेन्सियोची धर्मलेक निघाली. दारावरचा शिपाई नीमियाचा कोंपाद्रे निघाला, दिग्नो मागच्या बाकावरून "मी पण! मी पण!" म्हणून ओरडला, ज्याची गरज नव्हती.

न्यायाधीशांनी कपाळाचा घाम पुसला. "मग हा खटला कुणीच चालवू शकत नाही. नियमाप्रमाणं शेजारच्या कोर्टात पाठवावा लागेल. विया पेरेग्रीनाला."

खोलीत जे झालं ते सांगता येत नाही. विया पेरेग्रीना! ज्यांनी आमची संत रुफिनाची घंटा उसनी नेली आणि परत केली नाही! जे चेंडूच्या सामन्यात पंचाला डुक्कर देतात! त्यांचा न्यायाधीश आमच्या बोळाचा निकाल देणार? वरची आळी उठली, खालची आळी उठली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही आळ्या एका सुरात ओरडल्या.

सगळ्यात मोठा आवाज क्रेसेन्सियोचा. "गेला उडत तो अर्ज! पेरेग्रीनाच्या माणसापुढं मी उभा राहणार नाही. त्यापेक्षा माझी कोमाद्रे परवडली! ओस्मार, मागं घे!"

ओस्मारनं मागं घेतला. काराई विल्फ्रिदोनं देवाचे आभार मानले, बहुधा मोठ्यानं.

मग साक्षी झाल्या, आणि तिथं नीमियाची पाठ भिंतीला लागली. खालच्या आळीच्या बायका बोलल्या, पण ओस्मार म्हणाला, यांचा स्वार्थ आहे. वरच्या आळीचे लोक एकामागून एक आले आणि छताकडं बघत "आठवत नाही" म्हणून उतरले. दप्तराची आई पहिल्या रांगेत बसली होती. नीमियानं एकदा तिच्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "आता मला प्रतिवादीला विचारायचंय."

क्रेसेन्सियो उभा राहिला. मोठा माणूस, बर्फानं लाल झालेले हात.

"कोंपाद्रे," नीमिया म्हणाली, "आरासेलीच्या बाप्तिस्म्याला..."

"हरकत!" ओस्मार उठला. "त्यांना प्रतिवादी म्हणावं. नात्याचा दबाव नको."

"मान्य," काराई विल्फ्रिदो म्हणाले. "वकीलबाई, नातं बाजूला ठेवून विचारा."

नीमियानं फाईलमधला कागद उलटला. मग कोरड्या, नोटिशीच्या आवाजात म्हणाली, "प्रतिवादी महाशय. त्या वर्षी चर्चचं छप्पर उतरवलं होतं, म्हणून बाप्तिस्मा खालच्या आळीतल्या प्रार्थनाघरात झाला. तुमच्या घरापासून प्रार्थनाघरापर्यंत बाळाची मिरवणूक कोणत्या वाटेनं गेली?"

क्रेसेन्सियोनं समोर बघितलं. "आठवत नाही."

"आभारी आहे," नीमिया म्हणाली, आणि बसली.

एवढंच? लोक एकमेकांकडं बघू लागले. दोन्या ब्लासिदा तर उघड म्हणाली, "अगं, वाजव की त्याच्या कानाखाली!" पण नीमियानं फाईल बंद केली आणि हात तिच्यावर ठेवले. तिला आता आणखी विचारण्यासारखं काही नव्हतं, आणि ती हरत होती, हे तिच्या मानेवरून कळत होतं. त्या मिरवणुकीत बाळ तिच्याच हातावर होतं. पुढं बँड होता. झऱ्यापाशी क्रेसेन्सियो आनंदानं नाचता नाचता पाय घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेला होता आणि तसाच ओला प्रार्थनाघरात उभा राहिला होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण वकिलाला साक्ष देता येत नाही.

काराई विल्फ्रिदो म्हणाले, "प्रतिवादी, तुम्ही बसू शकता."

क्रेसेन्सियो बसला नाही. त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. मागं बघितलं, जिथं आरासेली बसली होती. पोरगी त्याच्याकडं बघत नव्हती, ती नीमियाच्या पाठीकडं बघत होती.

"महाराज," तो म्हणाला, "यांना सांगा, मला नीट विचारायला."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे जसं विचारायला लागल्या होत्या तसं."

ओस्मारनं त्याची बाही ओढली. क्रेसेन्सियोनं ती माशी झटकावी तशी झटकली. काराई विल्फ्रिदोनं नीमियाकडं बघून हात हलवला. ती उठली. तिचा आवाज या वेळी नोटिशीचा नव्हता.

"कोंपाद्रे, आपल्या लेकीला आपण कोणत्या वाटेनं नेलं?"

"प्रतिवादीला आठवत नाही," क्रेसेन्सियो म्हणाला. "कोंपाद्रेला आठवतं. बोळानं नेलं. आजोबा मला तिथूनच शाळेत सोडायचे, आणि खालचे लोक तेव्हाही जात-येत होते. त्यांना कुणी विचारत नव्हतं. झऱ्यात पडलो मी. अख्ख्या गावानं बघितलं." मग वरच्या आळीच्या बाकांकडं वळून, "आणि तुम्ही सगळे त्या दिवशी हसत होता, नालायकांनो. आता आठवत नाही म्हणता?"

वरच्या आळीला एकदम सगळं आठवलं.

निकाल त्याच दिवशी झाला. बोळ सार्वजनिक. क्रेसेन्सियो कोर्टातून निघाला तो कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी त्यानं स्वतः फाटक उतरवलं, माणसं न लावता, आणि ते खांद्यावर घेऊन मागच्या रस्त्यानं कारखान्यात गेला. जाताना नीमियाच्या घरावरून गेला. तिनं खिडकीतून बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

शनिवारी पंधरावं होतं. निमंत्रण आधीच आलेलं होतं, ते मागं घेतल्याचा निरोप आला नाही, पण यायचं आहे ना असंही कुणी विचारलं नाही. गावानं पैजा लावल्या. दोन्या ब्लासिदा दुपारपासून खिडकीत. नीमियानं निळा झगा घातला, काढला, घातला. आनिबाल म्हणाला, "मुकुट घेतलास?" आणि तिचा हात धरून निघाला.

अंगणात टेबलं मांडली होती, सोपा नावाचा मक्याचा जाड पाव, भाजलेलं मांस, उकडलेल्या मांडिओका कंदांचे ढीग. तिला मुख्य टेबलावर बसवलं, क्रेसेन्सियोच्या शेजारीच. आणि क्रेसेन्सियो तिच्याशी एक शब्द बोलेना. बोलायचा तो बायकोमार्फत.

"ग्रासियेला, कोमाद्रेंना विचार, मांस आणखी हवंय का."

ग्रासियेला नीमियाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली. "कोमाद्रे, हे विचारतायत..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, पोट भरलं."

"हे ऐकलं का हो?"

"ऐकलं. विचार, मग ताटात घास का उरलाय."

असं सगळं जेवण झालं. ग्रासियेला बिचारी उपाशी राहिली.

मग आरासेली आली. पांढऱ्या झग्यात. नीमियासमोर गुडघ्यावर बसली, हात जोडले, आणि "आशीर्वाद, धर्मआई," म्हणाली, तेवढ्यात नीमियाच्या हातातला मुकुट वाकडा झाला. तिनं तो नीट बसवला. आशीर्वाद काय दिला ते कुणालाच ऐकू आलं नाही. नखांबद्दल नव्हतं, एवढं नक्की.

आता बापानं बोलायची वेळ. क्रेसेन्सियो उठला, ग्लास हातात.

"माणसं मला विचारतायत," तो म्हणाला, "पश्चात्ताप होतो का म्हणून. होतो. शीतगृहाचा नकाशा सुंदर होता." लोक हसले. "पोरीसाठी धर्मआई बघत होतो तेव्हा मी एकच बघितलं. माझ्यामागं या पोरीचं कुणी वाईट करायला गेलं तर त्याच्यापुढं उभं कोण राहील? ही बाई कुणाला भीत नाही, म्हणून हिला निवडली. त्या 'कुणा'त मीही येतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं." त्यानं ग्लास नीमियाकडं केला, ग्रासियेलाच्या डोक्यावरून, थेट. "कोमाद्रे. तुमच्या तब्येतीला."

"तुमच्या," नीमिया म्हणाली. आनिबालनं रुमाल पुढं केला.

बँड सुरू झाला. आरासेली पहिला नाच बापाबरोबर नाचली. तेव्हा क्रेसेन्सियोला दिसलं की अंगणाच्या कुंपणाशी, जिथं बोळाचं तोंड आहे, तिथं माणसं उभी आहेत. खालची आळी. धुतलेले कपडे, विंचरलेले केस, पोरं खांद्यावर. पंधरावं बघायला बिननिमंत्रणाची माणसं कुंपणाशी उभी राहतात, ती तशी रीतच आहे, पण कुंपणाच्या आत पाय ठेवत नाहीत. पुढं दप्तराची आई होती, आणि तिच्या कडेवरून तिची पोरगी मुकुटाकडं बघत होती.

क्रेसेन्सियो नाच सोडून कुंपणाशी गेला. बँडवाले थांबले. नीमियाही नकळत उठून उभी राहिली.

"काय बघताय?" तो म्हणाला. "बोळ तुमचा, कळलं मला, सगळ्यांनी ओरडून सांगितलं. अंगण अजून माझं आहे." त्यानं फळीचं दार ढकललं. "तेव्हा मी सांगतो म्हणून या. जेवण आहे अजून. आणि पोरीला पुढं द्या, तिला काय दिसणार तिथून!"